काटा शून्यावर होता

दादा, ट्रान्सफॉर्मर बरा की थायरिस्टर, या आपल्या भांडणात शेवटचा शब्द तुमचा राहिला, आणि तो मला अजून मान्य नाही.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून दांडी गावातल्या तुमच्या घरी माणसांची रीघ होती. कोणी म्हणालं, हुशार माणूस गेला. कोणी म्हणालं, देवमाणूस गेला. मी रेवतीवहिनींच्या शेजारी बसून मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, हुशार तर खरेच, पण हट्टी किती होते ते मला विचारा. एकवीस वर्षं ज्याच्याशी रोज वाद घातला तो माणूस गेला तरी माझा वाद काही थांबलेला नाही. शेडमध्ये काम करता करता मी तुम्हाला उत्तरं देत असते. परवा मोठ्यानं बोलले तर शेजारी बसलेल्या मंदानं वळून बघितलं. म्हटलं, हे असं चालणार नाही, लिहूनच काढू.

मी पाम गावाहून सायकलवर बोईसरला यायचे तेव्हा आपला कारखाना म्हणजे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावरची पत्र्याची एक शेड होती. कारखान्यांच्या भट्ट्यांना वीज देणारे ट्रान्सफॉर्मर तिथं बनायचे. आम्ही आठ बायका तांब्याची पट्टी गुंडाळायचो. पट्टी, वर सुती फीत, पुन्हा पट्टी, मग सगळं वार्निशमध्ये बुडवायचं. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर हलवायला साखळीची कप्पी लागायची. भट्टीची आच वाढवायची किंवा कमी करायची तर त्याच्या बाजूचं चाक फिरवायचं, की आतल्या गुंडाळीवरून घसरत वीज कमी-जास्त होणार. सुरू झाला की तो घुमायचा. घरी चिकूची वाडी आणि त्यातलं काम एवढंच बघितलेल्या मला तो घुमण्याचा आवाज फार आवडायचा. आपण गुंडाळलेलं बोलायला लागलं असं वाटायचं.

आणि तुम्ही त्यालाच उठवायला निघाला होता.

तुम्ही घरात एकटेच विजेच्या नादाला लागलेले. वडील आणि दोघे भाऊ होडीवर, आई बोंबील सुकवणारी. गावात तुम्हाला जना वायरमन म्हणायचे. कारखान्यात दुरुस्तीला लागलात आणि पाच-सहा वर्षांत मालक तुम्हाला विचारल्याशिवाय नवा माल घेईनासे झाले. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलो होतो, तेव्हा तुम्ही आलात आणि खिशातून एक वस्तू काढून आमच्या मधोमध ठेवलीत. मोठ्या पेढ्याएवढी, चपटी, कडेला पांढरी चिनीमाती, वर-खाली धातूची चकती.

"हा थायरिस्टर. ह्याच्यातना तीनशे अँपिअर जातो," तुम्ही म्हणालात.

मी हसले. तीनशे अँपिअर म्हणजे माझ्या मनगटाएवढं तांबं, हे माझ्या हातांना माहीत होतं. म्हटलं, "दादा, पेढेवाल्याकडून आणलात का?"

तुम्ही चिडला नाहीत. खडूचा तुकडा घेऊन तिथंच कोब्यावर लाटा काढल्यात. वीज अशी वर जाते, शून्यावर येते, खाली जाते, पुन्हा शून्यावर येते. सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. "ट्रान्सफॉर्मर विजेला वाकवून लहान करतो. हा तिला वाकवत नाय. हा नुसता दरवाजा हाय. दहा लाटा आत सोडायच्या, दहा अडवायच्या, झाली आच अर्धी. आन दरवाजा उघडायचा तो लाट शून्यावर असंल तवाच." मग आमच्या चेहऱ्याकडे बघून म्हणालात, "होडी खाडीच्या तोंडातना बाहेर काढताना काय करतात? लाटेवर घालतात का? दोन लाटांच्या मधली सांद बगतात. तसंच."

सगळ्या बायकांना ते पटलं. मला समजलं, पण पटलं नाही. बेटेगावची मंदा, आमच्यात सगळ्यात जुनी, घास हातात धरून बसली होती. तिनं नको तो प्रश्न विचारला.

"म्हंजे आता गुंडाळायचं काम गेलं?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे छे, असं कसं. तुम्ही तिच्या डोळ्यांत बघून म्हणालात, "काम जाणार हाय, मंदाबाय. तुमी नाय जायच्या."

त्या वाक्यावर आमचा कोणाचा विश्वास बसला नाही, हे आज सांगते. मालकांनी बाहेरून चार शिकलेले मुलगे आणायचं ठरवलं होतं, ही बातमी शेडभर झाली होती. तुम्ही मालकांच्या केबिनमध्ये गेलात तेव्हा दार उघडंच होतं आणि तुमचा आवाज काही लहान नव्हता. तुम्ही सांगत होता, की ह्या पेढ्याला दोन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांमध्ये दाबून बसवावं लागतं. दाब कमी पडला तर तो तापून जळतो, जास्त झाला तर आतल्या आत तडकतो. दोन्हीकडचे बोल्ट सारखे आवळले पाहिजेत. "पुस्तक वाचून हे येत नाय. ज्या बायांच्या हाताला तांब्याचा ताण कळतो त्यांना आठ दिवसांत येईल. सहा महिने द्या. नाय जमलं तर मलापण काढा."

मलापण काढा. घरी दोन लहान मुलं असलेला माणूस असं म्हणाला. मंदानं त्या दिवशी उरलेली भाकरी परत डब्यात ठेवली.

तुम्ही आम्हाला शिकवलंत. शाळेतल्या मास्तरांसारखं नाही, कारण शाळेत चुकल्यावर हात पुढं करावा लागायचा. तुमच्याकडं चुकलं की तुम्ही आधी म्हणायचात, "बरं झालं आताच चुकलं," आणि मग सगळं सोडून पुन्हा लावायला बसवायचात. बोल्टाचा एकेक पाव फेरा, आधी इकडचा, मग तिकडचा. मी पहिला थायरिस्टर तडकवला तेव्हा रडू आलं, कारण त्याची किंमत मला माहीत होती. तुम्ही तो फोडून आतली पातळ चकती मला दाखवलीत. नखाएवढ्या जाडीचीही नव्हती. "बघ, एवढ्याशा गोष्टीवर भट्टी चालते," म्हणालात. तुमच्या आवाजात असा काही आनंद होता, की मीही रडायची थांबून बघत राहिले. तुमच्यातलं मला सगळ्यात आवडलेलं तेच. वयाच्या पन्नाशीतही तुम्हाला वस्तूंचं नवल वाटायचं.

थायरिस्टरचं आपलं पहिलं मोठं पॅनेल तारांच्या कारखान्यात गेलं. तार लाल करून मऊ करायची भट्टी होती तिथली. जिथं खोलीभर ट्रान्सफॉर्मर बसलेला होता तिथं आपलं कपाटाएवढं पॅनेल उभं राहिलं. तुम्ही बटण फिरवलंत, काटा सरकला, भट्टी हळूहळू लाल झाली. आवाज नाही, वास नाही. तिथले साहेब कपाटाच्या मागं जाऊन बघून आले, अजून काही लपवलंय का म्हणून. येताना बोईसरच्या नाक्यावर तुम्ही मला भजी खाऊ घातलीत आणि विचारलंत, "आता काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर बिघडायच्या आधी घुमतो, वास सोडतो, माणसाला सांगतो. तुमचा थायरिस्टर न सांगता मरतो. आन मरतो तेव्हा दरवाजा उघडा टाकून मरतो."

हे तुम्हीच मला शिकवलेलं होतं. थायरिस्टर जळाला की बहुधा वीज अडवणं सोडून देतो. तुम्ही मोठ्यानं हसलात. "म्हणून तर त्याच्या मागं आपण हाव," म्हणालात. "भट्टी फार तापली तर लाइन तोडणारा वेगळा स्विच मी घातलाय ना."

घातला होता. ज्याचा विचार केला होता तो धोका तुम्ही बांधून ठेवला होता. आपल्याला गाठलं ते दुसऱ्यानं.

चार महिन्यांनी दुपारी फोन आला. त्या भट्टीतली हीटरची एक कांब तुटली होती, आणि तिथला दुरुस्तीवाला रामबली ती बदलायला शिडीवर चढला होता. पॅनेलचा काटा शून्यावर होता, वरचा हिरवा दिवा बंद होता. त्यानं कांबेच्या टोकाला हात लावला आणि झटका बसून तो शिडीवरून खाली लोखंडी जाळीवर पडला. मनगट मोडलं, डोक्याला चार टाके. हात तिथंच चिकटला असता तर आज मी हे वेगळं लिहिलं असतं.

स्कूटरवर मी तुमच्या मागं बसले होते. आपण दवाखान्याकडं निघालो होतो, बेटेगाव मागं पडलं. मग म्हणालात, "वनिता, आपण दरवाजा लावतो म्हणतो. पण त्या दरवाजाला फट हाय."

फट म्हणजे काय ते मला नंतर नीट कळलं. थायरिस्टरला लाइनमधल्या अचानक धक्क्यांपासून वाचवायला त्याच्या आडवं एक छोटं सर्किट घालतात. थायरिस्टर बंद असला तरी त्या सर्किटमधून थोडी वीज पुढं झिरपत राहते. भट्टी तापवायला ती काहीच नाही. माणसाला झटकायला पुष्कळ आहे. कांब शाबूत असती तर ती वीज तिच्यातून निघून गेली असती. कांब तुटलेली, म्हणून तिची वाट रामबलीच्या हातातून गेली.

दवाखान्यात तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याला वाटत होतं, आपल्याला कामावरून काढायला माणसं आली आहेत. तुम्ही स्टूल ओढून बसलात.

"साहब, काँटा ज़ीरो पे था," तो म्हणाला. "बत्ती भी बुझी थी. हमने देख के हाथ डाला."

"मालूम है," तुम्ही म्हणालात. "तुमने सही देखा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात बैठक झाली. त्यांचे साहेब होते, आपले मालक होते, तुम्ही होता, आणि पॅनेल जोडणारी म्हणून मी. सगळ्यांचं एकमत आधीच झालेलं होतं. दुरुस्तीच्या आधी मेन स्विच पाडावा असं आपल्या कागदावर छापलेलं होतं. माणसानं पाडला नाही. चूक त्याची. मालक तो कागद हातात घेऊनच आले होते, आणि त्यांच्या साहेबांनाही तो सोयीचा होता. पाच मिनिटांत सगळं मिटणार होतं.

तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय."

मालकांनी तुमच्या पायावर पाय ठेवला, तो मी बघितला.

"कागद कपाटात हाय आन मानूस शिडीवर. शिडीवरच्या मानसाला काटा दिसतो. मी काट्याला शून्य दाखवायला लावलं. शून्य बघून तो हात घालणारच. मी असतो तर मीपण घातला असता." आणि मग साहेबांकडं वळून म्हणालात, "त्याच्या अपघाताच्या कागदावर माझं नाव लिवा."

मी खाली बघत होते, आणि मी का खाली बघत होते ते पुढं सांगते.

परतल्यावर मालक आणि तुमच्यात जे झालं ते अख्ख्या शेडनं ऐकलं. तोवर आपली नऊ पॅनेलं बाहेर गेलेली होती, आणि तुम्ही म्हणत होता की नऊच्या नऊ उघडायची. मालक म्हणत होते, असं केलं तर आपण सगळीकडं कबूल केल्यासारखं होईल. "मग कबूल करतोय असंच सांगा," तुम्ही म्हणालात. दोन दिवस तुम्ही केबिनमध्ये पाऊल ठेवलं नाहीत. तिसऱ्या दिवशी मालक स्वतःच तुमच्या टेबलाशी आले आणि विचारलं, "काय काय सामान लागंल?"

तुम्ही जे केलंत ते इतकं साधं होतं, की आजही नवे ग्राहक त्याला हसतात. पॅनेलच्या बाहेर हातभर दांड्याचा एक जुन्या पद्धतीचा स्विच बसवलात आणि त्याच्यासमोर काचेची खिडकी केलीत. दांडा खाली ओढला की आतली तांब्याची पाती सुटून बाजूला आलेली दिसते, मधली मोकळी जागा दिसते. त्याच दांड्यात एक किल्ली अडकवलीत. दांडा खाली आल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि ती किल्ली नसेल तर भट्टीच्या टोकांवरचं झाकण उघडत नाही. मी म्हटलं, "एवढा मोठा नवीन जमान्याचा थायरिस्टर, आन शेवटी भरवसा कशावर तर लोखंडी दांड्यावर."

"आच सांभाळायला थायरिस्टर," तुम्ही म्हणालात. "मानूस सांभाळायला मोकळी हवा. पातीच्या मदल्या हवेतना काय झिरपत नाय."

नऊ पॅनेलांसाठी आपण स्कूटरवरून हिंडलो. बोईसर, तारापूर, पालघरच्या पुढचा एक गूळ-साखरेच्या गोळ्यांचा कारखाना. प्रत्येक ठिकाणी तुम्ही आधी दुरुस्तीवाल्यांना गोळा करायचात, साहेबांना नंतर. हिंदीत, तुमच्या त्या दांडीच्या हिंदीत, सांगायचात: "हमसे गलती हुआ है. ये बंद दिखता है पर बंद नहीं है. अब से दांडा नीचे, हवा देखने का, फिर हाथ." पुष्कळ जण तुमच्या हिंदीला हसायचे. एकही जण ते विसरला नसेल. रामबली हात बरा झाल्यावर कामावर आला तेव्हा त्याच्या पॅनेलचा दांडा पहिल्यांदा त्यानंच ओढावा असा तुम्ही हट्ट धरलात. त्यानं ओढला, खिडकीतून वाकून बघितलं, आणि बराच वेळ नुसता बघतच राहिला.

दादा, अशा माणसाबरोबर काम करायला मिळालं याचं मोल मला तेव्हा कळत होतं का? थोडं कळत होतं. बहुतेक वेळा मी तुमच्यावर चिडलेलीच असायचे, कारण तुम्ही तयार झालेलं काम पुन्हा उघडायला लावायचात.

तुमच्या शेवटच्या कामाला मी पोटभर हसले तेही लिहिते. आजार सुरू झाला होता, डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं, म्हणून तुम्ही दांडीच्या बायकांच्या गटासाठी विजेवर मासळी सुकवायची पेटी करायला घेतलीत. आच सांभाळायला आत थायरिस्टरच, आणि पेटी झकास चालली. पण दर दोन-तीन सेकंदांनी वीज ओढायची आणि सोडायची, आणि गावाची लाइन ती अशक्त. अख्ख्या आळीतले दिवे लुकलुकायला लागले. तुमच्या काकूनं रस्त्यात उभं राहून ओरडून सांगितलं, "जना, तुज्या पेटीपायी माझी बत्ती मला डोला मारते!" आठ दिवस गावात तुम्हाला तोंड काढायची सोय नव्हती. मग तुम्ही पेटीतले हीटर चार भागांत वाटलेत आणि चौघांना पाळी लावून दिलीत. एक थांबला की दुसरा ओढणार, त्यामुळं लाइनवरचा भार सारखाच राहणार. दिवे स्थिर झाले. मला फोन करून सांगताना तुम्हाला धाप लागत होती आणि तरी हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर लावला असता तर कोणाची बत्ती लुकलुकली नसती. तुम्ही म्हणालात, "आन तो आणायला होडी लागली असती. जा, काम कर." आपल्या भांडणातला तो शेवटचा शब्द.

त्यानंतर मी एकदाच आले, मागच्या महिन्यात. तुम्ही ओट्यावर खाट टाकून पडला होता. मी एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून आले होते. पामहून निघाल्यापासून वाक्यं जुळवत होते. रेवतीवहिनींनी चहा आणला, तुम्ही नव्या पॅनेलबद्दल विचारलंत, मी सांगत गेले, तुम्हाला खोकल्याची उबळ आली, वहिनी पाठीवर हात फिरवायला बसल्या. मी उठले. "येते दादा," म्हटलं. एवढंच म्हटलं.

ती गोष्ट आता सांगते.

तारांच्या कारखान्याचं पॅनेल शेडमधून बाहेर पडायच्या आदल्या दिवशी चाचणी झाली, तुम्ही मालकांकडं गेलात, आणि मी एकटी पुसपास करत होते. काटा शून्यावर होता. दिवा बंद होता. सवयीनं मी बाहेर जाणाऱ्या टोकाला टेस्टर लावला, आणि टेस्टरच्या पोटातला दिवा मिणमिणला. मंद, पण होता. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. होता.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. आमच्या सहा महिन्यांतले पाच संपले होते. मी बोलले असते तर तुम्ही पॅनेल उघडलं असतं, उशीर झाला असता, मालक म्हणाले असते, बघा, बायकांना नाही जमत. मंदा, मी, बाकीच्या सहा जणी, सगळ्या घरी गेलो असतो, आणि तुम्हीही. असं सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी टेस्टर खिशात टाकला.

बैठकीत तुम्ही "चूक माझी हाय" म्हणालात तेव्हा मी म्हणून खाली बघत होते. स्कूटरवर मी दोनदा तोंड उघडलं. वाऱ्यात तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि मला बरं वाटलं. नंतर तुम्ही मला चाचणी विभागाची प्रमुख केलंत. "हिच्या नजरेतना काय सुटत नाय," असं मालकांना सांगितलंत. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या वाईट दिवसांपैकी एक आहे. तुम्ही माझं कौतुक करत होता आणि मला रामबलीचं भिंतीकडं वळलेलं तोंड दिसत होतं.

तुम्हाला कळलं असतं तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. बरं झालं आता सांगितलंस, असंच म्हणाला असतात. म्हणून तर सांगायला हवं होतं, आणि तुम्ही असताना सांगायला हवं होतं. माफी मागायला समोर माणूस लागतो. आता माझ्यासमोर कागद आहे.

सोमवारी शेडमध्ये तुमच्यासाठी सगळे जमले. कारखाना आता मालकांचा मुलगा बघतो. त्यानं तुमचा फोटो लावला, हार घातला, आणि तुमच्याबरोबर सगळ्यात जास्त काम केलेली म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. दारात टेम्पो भरून उभा होता, वापीला जाणारं पॅनेल त्याच्यावर चढवलेलं होतं, त्यामुळं सगळ्यांना घाई होती. मी तुमच्या हुशारीबद्दल बोलणार होते. तोंड उघडलं आणि टेस्टरचीच गोष्ट बाहेर आली. सगळी. खिशात टाकण्यापर्यंत.

मग मागून मंदाचा आवाज आला. तिला आता नीट दिसत नाही, तरी ती रोज येते.

"मीपण बगितला होता," ती म्हणाली. "तुज्या आदी. सकाळी. मला वाटलं, वनितानं काय चुकवलंय, तर बोलून तिला कशाला उघडी पाडू."

इतकी वर्षं आम्ही दोघींनी शेजारी बसून डबा खाल्ला.

तेवढ्यात संतोष पुढं आला. संतोष आपला फिटर, दहा-बारा वर्षं शेडमध्ये असलेला, मोजकंच बोलणारा. त्यानं टेम्पोकडं हात केला.

"ताई, त्या पॅनेलमदी डावीकडचा तिसरा थायरिस्टर. आवळताना कट असा आवाज आला होता. चाचणीत पास झाला म्हणून मी बोललो नाय."

मालकांच्या मुलानं घड्याळ बघितलं. वापीवाल्यांची भट्टी त्या पॅनेलसाठी थांबलेली होती, सकाळपासून त्यांचे तीन फोन आले होते. त्याला काय वाटत होतं ते मला समजत होतं. मी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "उतरवा."

दोर सोडले, फळ्या लावल्या, सहा जणांनी मिळून पॅनेल खाली घेतलं. संतोषनं मागचा पत्रा काढला आणि बॅटरी आत धरली. थायरिस्टर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती. गरम होऊन थंड होऊन, आज नाही तर सहा महिन्यांनी, तिनं दाब सोडलाच असता.

मालकांचा मुलगा फोन हातात धरून माझ्याजवळ आला. "वनिताताई, त्यांना काय सांगू? टेम्पो बंद पडला म्हणू?"

"जे हाय ते सांग."

मग त्यानं नंबर लावला, आणि आम्हा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, आमच्याकडून एक चूक राहिली होती. आता सापडलीय. पॅनेल उद्या निघेल."

संतोषनं तोवर शेजारच्या थायरिस्टरचा ठोकळा सोडवायला घेतला होता.